घाम आपला, हुकूम त्यांचा : फ्रिट्झ पोलार्ड, पालवणकर बंधू आणि कप्तानीचा प्रश्न

१९२१ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टायरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अ‍ॅक्रन या शहरात, एक काळा माणूस व्यावसायिक फुटबॉल संघाचा कोच झाला. त्याचं नाव फ्रिट्झ पोलार्ड. ज्या लीगमध्ये हे घडलं तिचं आजचं नाव एनएफएल, जगातली सर्वात श्रीमंत क्रीडा लीग. या लीगमध्ये त्यानंतरचा काळा हेड कोच नेमला गेला १९८९ साली. मध्ये ६८ वर्षं गेली.

या ६८ वर्षांत काळे खेळाडू कमी पडले का? उलट मैदान त्यांनी भरून टाकलं. कमी पडली ती खुर्ची. आणि हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही, म्हणून जव्हार-मोखाड्यात बसून मी त्यावर लिहितो आहे. आपली पोरं पळतात, कबड्डी खेळतात, खो-खो खेळतात, पदकं आणतात. पण संघ कोण निवडतो? शिट्टी कोणाच्या गळ्यात असते?

आधी तो खेळ समजून घ्या, नाहीतर कोच या शब्दाचं वजन कळणार नाही. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू अंडाकृती, हातात धरून पळायचा, अंगावर येणाऱ्याला आडवं पाडायचं. प्रत्येक चाल थांबून थांबून, आधी ठरवून खेळली जाते, आणि ती चाल ठरवतो कोच. म्हणजे खेळाडू शिपाई आणि कोच सेनापती. गोऱ्यांनी काळ्यांना शिपाई म्हणून घेतलं आणि सेनापती करायला नकार दिला, या वाक्यात या लीगचा निम्मा इतिहास आला.

पोलार्डचा जन्म २७ जानेवारी १८९४ चा, शिकागोच्या रॉजर्स पार्क भागातला. पूर्ण नाव फ्रेडरिक डग्लस पोलार्ड. गुलामगिरीतून निसटून आलेल्या, गुलामीविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या फ्रेडरिक डग्लसचं नाव आईबापांनी मुलाला दिलं होतं. आपल्या वस्तीत पोराचं नाव भीमराव ठेवतात, तसंच हे. उंची पाच फूट नऊ इंच, वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास. धिप्पाड गोऱ्यांच्या खेळात हा शरीरानं लहानच. तो ब्राऊन विद्यापीठात शिकला आणि तिथूनच १ जानेवारी १९१६ रोजी रोझ बोल या मोठ्या सामन्यात उतरला. त्या सामन्यात खेळणारा तो पहिला काळा खेळाडू. ब्राऊनचा संघ हरला, पण त्याच वर्षी पुढच्या हंगामात पोलार्डच्या जोरावर त्यांनी येल आणि हार्वर्ड या दोघांनाही हरवलं, आणि वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या राष्ट्रीय यादीत त्याचं नाव आलं.

१ जानेवारी १९१६ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये होते, कोलंबिया विद्यापीठात, काळ्यांच्या हार्लेम वस्तीला लागून. चार महिन्यांनी, ९ मे १९१६ रोजी, त्यांनी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. एकाच देशात, एकाच वर्षी, एक माणूस वर्णाची भिंत मैदानावर फोडत होता आणि दुसरा जातीच्या भिंतीचा पाया कागदावर खोदून दाखवत होता.

पोलार्ड अ‍ॅक्रनला आला १९१९ मध्ये. संघातला सर्वात चांगला खेळाडू, पण कपडे बदलायला संघाच्या खोलीत जागा नाही. मालकाच्या सिगारच्या कारखान्यात कपडे चढवून तो मैदानावर यायचा. प्रेक्षक शिव्या द्यायचे, दगड मारायचे. तो खाली पडला की गोरे खेळाडू मुद्दाम अंगावर उड्या घ्यायचे. त्यावर त्यानं उपाय शोधला. पडता पडताच पाठीवर वळायचं आणि खिळ्यांच्या बुटांचे पाय वर करून ठेवायचे. ज्याला उडी घ्यायची त्यानं खुशाल घ्यावी! १९२० मध्ये लीग स्थापन झाली आणि पहिल्याच हंगामात अ‍ॅक्रन एकही सामना न हरता विजेता ठरला. पुढच्या वर्षी तो एल्जी टोबिनच्या जोडीनं संघाचा कोच झाला. ज्या शहरानं त्याला कपडे बदलायला खोली दिली नव्हती, त्या शहराचे गोरे खेळाडू त्यानं आखलेल्या चाली खेळू लागले. त्यानं पॉल रॉबसनलाही संघात आणलं. पुढे जगभर गाजलेला गायक आणि लढवय्या रॉबसन कायद्याच्या शिक्षणाचा खर्च भागवायला फुटबॉल खेळत होता.

म्हणजे पात्रतेचा निकाल १९२१ सालीच लागला होता. काळा माणूस गोऱ्यांना हुकूम देऊ शकतो, गोरे तो पाळू शकतात, संघ जिंकू शकतो. मग काय झालं? दार उघडं राहिलं? नाही. लीग लहान होती, पैसा नव्हता, तोवर काळे चालले. पोलार्ड एनएफएलमध्ये शेवटचा खेळला १९२६ साली. १९३३ नंतर तर लीगमध्ये एकही काळा खेळाडू उरला नाही. कोणता कायदा नव्हता, कोणता लेखी ठराव नव्हता. मालकांनी आपापसात समजून घेतलं. १९३४ पासून १९४५ पर्यंत पूर्ण बारा हंगाम मैदान पांढरंधोप.

ही गोष्ट नीट समजून घ्या. लेखी नियमाविरुद्ध कोर्टात जाता येतं. न लिहिलेल्या नियमाविरुद्ध कुठे जाणार? आपल्याकडे भाड्यानं घर मागायला गेलं की 'आताच गेलं हो' असं सांगतात, तोच हा नियम.

पोलार्ड हात जोडून बसला नाही. त्यानं शिकागोत काळ्या खेळाडूंचा स्वतःचा संघ काढला, ब्लॅक हॉक्स नावाचा. नंतर न्यूयॉर्कला ब्राऊन बॉम्बर्स हा संघ घडवला आणि त्याचा कोच झाला. गोऱ्या संघांशी सामने लावून तो जिंकून दाखवायचा. काळ्यांसाठी वर्तमानपत्रही त्यानं चालवलं. आपल्याला स्वतःचा मंच आणि स्वतःचं पत्र का लागतं, हे 'मूकनायक'च्या वारसांना सांगायची गरज नाही.

आता आपल्या घरी येऊ.

पळवणकर नव्हे, पालवणकर. बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल. चर्मकार समाजातले चार भाऊ, चौघंही क्रिकेटपटू. बाळूंची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल, पण ती बहुतेक वेळा 'लगान'मधल्या कचरासारखी सांगितली जाते. त्या सिनेमात काय आहे आठवा. कचराला चेंडू मिळतो तो भुवनच्या भाषणामुळे. त्याचा चेंडू वळतो तो अपंग हातामुळे, कसबामुळे नव्हे. आणि कप्तान कोण? भुवनच. उपकार करणारा सवर्ण आणि निसर्गाचा चमत्कार असलेला अस्पृश्य. खऱ्या बाळूंच्या हातात चमत्कार नव्हता, मेहनत होती. पुण्याच्या पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथं ते इंग्रजांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करायचे. फलंदाजी मात्र त्यांना कोणी करू दिली नाही. बॅट साहेबांची, चेंडू नोकराचा.

हिंदूंच्या संघाला पुढे बाळूंची गरज पडली, कारण त्यांच्याशिवाय इंग्रजांना हरवणं जमेना. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घ्यायचे, आणि चहाच्या सुट्टीत त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवणाचं ताट वेगळं, टेबल वेगळं. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! जातीला तर्क नसतो असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं. तर्क असतो, आणि तो स्वार्थाचा असतो. १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना हरवलं तेव्हा बाळू आणि शिवराम दोघंही संघात होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात संघ सपाटून हरत असताना एकट्या बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजानं त्यांचा सत्कार केला आणि त्या वेळचं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिलं होतं, असं रामचंद्र गुहा यांनी नोंदवलं आहे.

इतकं सगळं झालं. कप्तानी?

त्या काळी क्रिकेटच्या संघाला आजच्यासारखा कोच नसे. चाल ठरवणं, माणसं लावणं, पोरांना शिकवणं, सगळं कप्तानाकडे. म्हणून कप्तान म्हणजे तेव्हाचा कोचच, आणि ती जागा ब्राह्मण-सवर्णांसाठी राखीव होती. आरक्षण म्हणजे काय हे ज्यांना संविधानानंतर कळलं असं वाटतं, त्यांनी हिंदू जिमखान्याच्या कप्तानांची यादी पाहावी. १९१३ मध्ये कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतः म्हटलं होतं की हा मान बाळूंना मिळायला हवा होता. चांगलं म्हटलं. पण मान घेतला.

१९२० साल आलं. या एका वर्षात काय काय झालं बघा. ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाला. मार्चमध्ये माणगाव परिषद झाली. आणि वर्षाच्या शेवटी चौरंगी सामन्यांत पै उपलब्ध नसताना कप्तानी ज्येष्ठ पालवणकरांना डावलून दि. ब. देवधरांना देण्यात आली. बाळूंना तर संघातूनच वगळलं होतं. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन दिलं आणि खेळायला नकार दिला. क्रिकेटच्या मैदानावरचा हा सत्याग्रह, महाडच्या सात वर्षं आधीचा. पुढच्या सामन्याला निवड समिती वाकली. पै परत आले, बाळूंना उपकप्तान करून बोलावलं गेलं, आणि सामन्यात काही काळ पै मैदानाबाहेर गेल्यावर बाळूंनी संघ चालवला. तेवढीच त्यांची कप्तानी. एखाद्या माणसाच्या आयुष्यभराच्या गोलंदाजीचा मोबदला म्हणून काही तास.

विठ्ठलला पूर्ण कप्तानी मिळाली ती १९२३ मध्ये. त्याच वर्षी ४ ऑगस्टला सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलमध्ये मंजूर झाला होता. वर्षाअखेर विठ्ठलच्या संघानं युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी त्याला खांद्यावर उचलून नेलं. १९२३ ते १९२६ या चार वर्षांत तीन वेळा हिंदू विजेते. याचं श्रेय काही लेखक गांधीजींच्या अस्पृश्यता निवारणाला देतात. मला ते पटत नाही. हवा बदलली असेल, पण १९२० मध्ये दोन भावांनी पॅड सोडून ठेवले नसते तर त्या हवेनं कोणाच्या हातात नाणेफेकीचं नाणं दिलं नसतं. विठ्ठलनं आपलं आत्मचरित्र मराठीत लिहिलं, 'माझे क्रीडा जीवन', १९४८ साली. आपल्या किती वाचनालयांत ते आहे?

इथून पुढचा भाग आपल्याला बोचणारा आहे आणि म्हणूनच तो टाळता कामा नये. १९३२ मध्ये संयुक्त की स्वतंत्र मतदारसंघ हा वाद पेटला तेव्हा बाळू बाबासाहेबांच्या बाजूला नव्हते. ते एम. सी. राजांच्या गोटात गेले, संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसनं उभं केलं ते बाळूंनाच. बाबासाहेब जिंकले, पण फरक दोन हजार मतांच्या आसपास होता.

यावरून बाळूंना गद्दार म्हणणारे आपल्यात आहेत. मी म्हणणार नाही. ज्यानं मातीच्या भांड्यातून चहा पिऊन देशासाठी बळी घेतले त्याला शिवी देण्याचा अधिकार मला नाही. पण एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. स्वतंत्र मतदारसंघाची मागणी म्हणजे दुसरं काय होतं? आमचा कप्तान आम्ही निवडू, तुमची निवड समिती नाही, एवढंच ना? संयुक्त मतदारसंघात जागा अस्पृश्याची, पण त्या जागेवर कोणता अस्पृश्य बसेल हे ठरवणार बहुसंख्य सवर्ण. ज्या माणसानं आयुष्यभर सवर्ण निवड समितीचा अन्याय सोसला, त्यानंच समाजाची निवड सवर्णांच्या हाती देणाऱ्या बाजूनं सही केली. आणि १९३७ मध्ये त्या समितीनं खरोखर निवड केली. बाबासाहेबांविरुद्ध तिनं बाळूंना मैदानात उतरवलं. जिमखान्यानं कप्तानी दिली नाही, काँग्रेसनं तिकीट दिलं, पण नाणं दोन्ही वेळा दुसऱ्याच्याच हातात होतं. हा बाळूंचा दोष म्हणण्यापेक्षा त्या व्यवस्थेचं कसब म्हणा.

पुन्हा अमेरिकेकडे वळतो, कारण तिथं पुढे जे झालं ते आपल्या आजच्या लढाईच्या कामाचं आहे. १९४६ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघानं केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड या काळ्या खेळाडूंना घेतलं. हृदयपरिवर्तन झालं म्हणून नव्हे. संघाला वापरायचं होतं ते स्टेडियम सार्वजनिक पैशाचं होतं आणि काळ्या पत्रकारांनी त्यावरून रान उठवलं होतं. याच १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या त्यांच्या अर्जाची प्रत मागितली होती. वॉशिंग्टनच्या संघाचा मालक मार्शल तर १९६२ पर्यंत अडून बसला. त्याचं नवं स्टेडियम सरकारी जमिनीवर होतं. केनेडी सरकारच्या मंत्र्यानं सांगितलं, काळे खेळाडू घ्या नाहीतर मैदान मिळणार नाही. घेतले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर जातीधर्माच्या नावांचे जिमखाने सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे आहेत. अशी अट आपल्या कोणत्या सरकारनं घातली?

खेळाडू आले, पण कोच येईना. १९८७ मध्ये बेसबॉलमधला एक बडा अधिकारी, अल कॅम्पॅनिस, टीव्हीवर म्हणून गेला की संघ चालवायला जे काही लागतं ते कदाचित काळ्यांकडे नसावं. दोन दिवसांत नोकरी गेली त्याची, पण मनातलं बाहेर पडलं. पाय तुमचे, डोकं आमचं. आपल्याकडे आदिवासी पोरगा पळतो तेव्हा 'यांच्या रक्तातच आहे' म्हणतात ना, ते कौतुक नाही. त्यात मेहनत नाकारलेली असते आणि बुद्धीही.

१९८९ मध्ये आर्ट शेल कोच झाला. २००२ मध्ये टोनी डंजी आणि डेनिस ग्रीन हे यशस्वी काळे कोच काढले गेले तेव्हा वकील सायरस मेहरी आणि जॉनी कॉक्रन यांनी आकडेवारीचा अहवाल काढला. काळे कोच जास्त जिंकतात, तरी शेवटी घेतले जातात आणि आधी काढले जातात. कोर्टात खेचू म्हणाल्यावर २००३ पासून नियम आला, रूनी रूल. हेड कोचच्या जागेसाठी किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच. ही चळवळ चालवणाऱ्या संघटनेचं नाव काय? फ्रिट्झ पोलार्ड अलायन्स. स्वतः पोलार्ड १९८६ मध्ये वारला होता. २००७ मध्ये तोच काढलेला डंजी दुसऱ्या संघाला घेऊन सुपर बोल जिंकला, समोरचा कोच लव्ही स्मिथही काळा. एनएफएलच्या सन्मान दालनात पोलार्डला जागा मिळाली तीसुद्धा २००५ मध्ये.

पण मुलाखतीचा नियम म्हणजे मुलाखतच, नेमणूक नव्हे. २०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस या काळ्या कोचनं दावा दाखल केला. त्याच्या म्हणण्यानुसार न्यूयॉर्कच्या संघाची मुलाखत व्हायच्या आधीच दुसऱ्या उमेदवाराची निवड ठरली होती, आणि अभिनंदनाचा मेसेज चुकून त्याच्याच फोनवर आला होता. त्या वेळी ३२ संघांत काळा हेड कोच एकच उरला होता, आणि खेळाडू जवळपास ७० टक्के काळे. विद्यापीठांच्या भरतीत राखीव जागेसमोर 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा मारतात, तो हाच मेसेज. फक्त आपल्याला तो चुकून येत नाही.

आता जव्हार-मोखाडा. या मातीत नेतृत्व नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी जव्हारचा इतिहास वाचावा. चौदाव्या शतकापासून १९४८ पर्यंत इथं मुकणे घराण्याचं, महादेव कोळी आदिवासींचं राज्य होतं. (राजा आदिवासी होता म्हणून प्रत्येक वारली, कातकऱ्याचं पोट भरलं असं नाही, पण तो वेगळा लेख.) आमच्या शेजारी, हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये राष्ट्रकुलमध्ये पदक घेऊन आली. डोंगर चढून पाणी आणणाऱ्या पोरींत दम आहे हे सगळ्या देशानं पाहिलं. पण दर वर्षी प्रकल्पस्तरीय स्पर्धा होतात, पोरं अनवाणी पळतात, आणि दिवाळीनंतर त्यातली कितीतरी आईबापांबरोबर भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जातात. पळणाऱ्याचं नाव टाइमकीपरच्या वहीत राहतं. त्यातल्या कोणाला पुढे शिक्षण देऊन, प्रशिक्षणाचा कोर्स करायला पाठवून, परत याच तालुक्यात कोच म्हणून आणण्याची योजना कोणी आखली आहे का? सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षणही प्रमाणपत्रावर चालतं, आणि प्रमाणपत्र मिळतं ते संघटनेच्या मान्यताप्राप्त स्पर्धेत निवड झाली तर. पुन्हा निवड समिती.

म्हणून कार्यकर्त्यांना एक काम सुचवतो. पदकांच्या बातम्या शेअर करून झाल्या असतील तर माहिती अधिकारात तीन प्रश्न टाका, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे. तालुक्यातल्या आश्रमशाळांत क्रीडा शिक्षकांची मंजूर पदं किती, भरलेली किती? गेल्या पाच वर्षांत जिल्ह्याचे संघ निवडणाऱ्या समित्यांवर कोण कोण होतं? त्यात अनुसूचित जाती-जमातीचे किती? दलित आणि आदिवासी कार्यकर्त्यांनी अर्ज एकत्र टाकावेत, वेगवेगळे नकोत. उत्तर तीस दिवसांत आलं पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. अर्जाचा मसुदा तयार आहे, ज्याला हवा त्यानं मागून घ्यावा.

जय भीम! जय जोहार!